पहाटे झडती झाली, घरातले सगळे कॉम्प्युटर नेले: आधी पंचनामा हातात घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुपवाडचे एक गृहस्थ, हळदीची आडत. मुलगा बाहेरगावच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. निकालाच्या पोर्टलवर वेबपत्त्यातला आकडा बदलला की दुसऱ्याचा निकाल दिसतो, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने कॉलेजला ईमेल केला. तीन आठवड्यांनी पहाटे सहाला साध्या वेशातले सात जण घरी आले. मुलाचा लॅपटॉप, घरातले चारही मोबाईल, राऊटर, बारावीतल्या मुलीचा टॅब आणि मार्चअखेरीसाठी घरी आणून ठेवलेला दुकानाच्या हिशेबाचा कॉम्प्युटर, असं सगळं उचलून नेलं. जाताना गृहस्थांच्या दोन कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या. मुलाला संध्याकाळी सोडलं, 'बोलावलं की यायचं' असं सांगून. ते विचारतात: मुलगा खरंच गुन्हेगार ठरतो का? आणि सामान परत कधी मिळेल?

दादा, तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण त्यांच्या आधीचा एक राहिलाय. त्या सात जणांनी तुमच्या घरातून नेमकं काय नेलं, आणि नेताना ते जसं होतं तसंच कोर्टासमोर येईल याचा पुरावा कुठे आहे? मी चोवीस वर्षं सांगलीत फौजदारी वकिली करते. असले खटले बहुतेक वेळा त्या पहाटेच्या दीड तासातच ठरून जातात. पुढची चार-पाच वर्षं आपण विजयनगरच्या कोर्टात तारखा घेत बसतो, एवढंच.

म्हणून आधी त्या कोऱ्या कागदांचं बघू. आजच्या आज पोलीस अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज लिहा: अमुक तारखेला, अमुक वाजता, दोन कोऱ्या कागदांवर माझ्या सह्या घेतल्या, त्यावर मजकूर नव्हता, मला कोणतीही यादी दिली नाही. एक प्रत रजिस्टर पोस्टाने, एक ईमेलने, एक हाताने देऊन पोच घ्या. वकील नंतर लावलात तरी चालेल, पण हा अर्ज थांबवू नका. सहा महिन्यांनी त्या कागदांवर पंचनामा उगवला, तर 'तेव्हाच का नाही बोललात?' हा पहिला प्रश्न सरकारी वकील विचारणार. तुमच्या बाजूने तेव्हा त्या पोस्टाच्या पावतीची तारीखच बोलेल.

आता झडतीकडे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ८० वॉरंटशिवाय शिरून झडती घ्यायचा अधिकार देतं, आणि तपासी अंमलदार ते पाठ असल्यासारखं सांगतात. पण ते कलम सार्वजनिक जागेपुरतं आहे: हॉटेल, दुकान, एसटी, अशा ठिकाणी. तुमचं राहतं घर त्यात येत नाही. घरात शिरायचं तर जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९६ चं वॉरंट हवं, नाहीतर कलम १८५ ची वाट धरायला हवी. १८५ मध्ये वॉरंट लागत नाही, पण त्याची किंमत आहे. अधिकाऱ्याने झडतीच्या आधी कारणं लिहायची, काय शोधायचंय तेही शक्य तितकं लिहायचं, आणि या नोंदीची नक्कल ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची. ज्याच्या घराची झडती झाली त्याने अर्ज केला तर मॅजिस्ट्रेटकडून ती नक्कल फुकट मिळते. चोवीस वर्षांत हा अर्ज आपण होऊन केलेले पक्षकार मला एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले. तुम्ही करा. ४८ तासांत काही गेलंच नसेल, तर तेही त्याच अर्जातून उघड होतं.

दुसरं, आठवून बघा: सात जणांपैकी कोणी मोबाईलवर शूटिंग करत होतं का? १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरण याच संहितेच्या कलम १०५ खाली सक्तीचं आहे आणि ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे जायला हवं. असेल तर त्याची मागणी करू, नसेल तर का नाही हे विचारू. तिसरं, माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास इन्स्पेक्टरच्या खालच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, कलम ७८. तुमच्याकडे आलेल्यांत पीआय, म्हणजे इन्स्पेक्टर साहेब होते, की फौजदार आणि हवालदारच होते, हे नीट आठवून लिहून ठेवा.

आणि पंच. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०३ म्हणतं, त्या भागातले दोन प्रतिष्ठित, त्रयस्थ रहिवासी हवेत. झडतीत घरच्याला हजर राहू द्यायला हवं आणि पंचांच्या सहीची यादी त्याला द्यायला हवी. प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. माझ्या एका खटल्यात, गाव सांगत नाही, पंच साक्षीला आला. उलटतपासात मी विचारलं, तिथे कसे पोचलात? तो सरळ माणूस होता. म्हणाला, 'चहा प्यायला थांबलो होतो, साहेबांनी गाडीत बसवलं.' गाव त्याचं पंचवीस किलोमीटर लांबचं. तो पंचनामा अजून माझ्या कपाटात आहे. त्यात लिहिलंय: 'एक काळे रंगाचा लॅपटॉप, जुना वापरता, किं. अं. १५,०००. एक पांढरे रंगाची डबी वायरसह, किं. अं. २००.' ती पांढरी डबी म्हणजे राऊटर. लॅपटॉपचा सिरियल नंबर नाही. तो चालू होता की बंद, ते नाही. माऊस नेला, कीबोर्ड नेला, प्रिंटरसुद्धा नेला, आणि टेबलाच्या खणातला पेन ड्राईव्ह तिथेच राहिला. चालू मशीनची वायर भिंतीतून खेचली होती, म्हणजे त्या क्षणी मेमरीत जे उघडं होतं ते कायमचं गेलं. सगळंच उचललं की तपास कसून झाला असं पोलीस ठाण्यात वाटतं. खरं तर काय महत्त्वाचं हे कळत नाही, म्हणून सगळं उचलतात.

पोलिसांची बाजूही सांगते, नाहीतर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल. मोबाईल हातात राहिला तर दोन मिनिटांत पुसता येतो, लांबूनही पुसता येतो. आधी नोटीस देऊन मग जाणं प्रत्येक वेळी शहाणपणाचं नसतं, हे मला मान्य आहे. एका इन्स्पेक्टरकडे ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारींचा ढीग असतो, वरून रोज विचारणा. पहाटे जायला माझा तेवढा आक्षेप नाही. माझं भांडण आहे ते बारावीच्या मुलीच्या टॅबवरून आणि तुमच्या आडतीच्या कॉम्प्युटरवरून. त्यात काय शोधायचं होतं, हे आधी लिहिलं होतं का?

हे काही आजचं दुखणं नाही. १ मार्च १९९० ला अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात सीक्रेट सर्व्हिस या सरकारी तपास यंत्रणेने स्टीव्ह जॅक्सन गेम्स या छोट्या कंपनीवर छापा घातला. कंपनी पटावरचे खेळ आणि त्यांची पुस्तकं छापायची. तिच्या एका नोकरावर हॅकर असल्याचा संशय होता, तर कंपनीचेच कॉम्प्युटर नेले, छपाईला निघालेल्या पुस्तकाचा मजकूर नेला, आणि ग्राहक एकमेकांना निरोप पाठवायचे ती यंत्रणाही नेली. खेळाचं पुस्तक अधिकाऱ्यांना गुन्ह्याची पुस्तिका वाटली. कंपनीवर कधीच गुन्हा दाखल झाला नाही, पण निम्म्याच्या आसपास माणसं कामावरून कमी करावी लागली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हॅकरांविरुद्धची मोहीम 'ऑपरेशन सनडेव्हिल' झाली: चौदाएक शहरांत छापे, सुमारे ४० कॉम्प्युटर, २३ हजार फ्लॉपी जप्त, आणि अटक झालेली माणसं हाताच्या बोटांवर. कंपनीचा मालक जॅक्सन मात्र कोर्टात गेला. १९९३ मध्ये न्यायाधीश सॅम स्पार्क्स यांनी सरकारला ५० हजार डॉलरहून जास्त भरपाई आणि त्यावर अडीच लाख डॉलर वकिलांची फी द्यायला लावली. न वाचलेले खासगी निरोप आणि छपाईचा मजकूर उचलणं बेकायदा होतं, असं कोर्टाने म्हटलं. या छाप्यांमुळेच जुलै १९९० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही डिजिटल हक्कांसाठी लढणारी संस्था उभी राहिली. त्याच महिन्यात शिकागोत एका विद्यार्थ्यावर खटला चालला. त्याने टेलिफोन कंपनीचा एक कागद प्रसिद्ध केला होता. सरकार म्हणत होतं कागदाची किंमत ७९ हजार डॉलर. साक्षीपुराव्यात निघालं की तशीच माहिती तीच कंपनी १३ डॉलरला विकत होती. खटला मध्येच सोडून द्यावा लागला. तुमच्या मुलाच्या फिर्यादीत 'लाखोंचं नुकसान' असा शब्द असेल, तर ते लाख कसे मोजले, हे आपणही विचारणार आहोत.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर २००७ चं घ्या. ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर आला, म्हणून पुणे पोलिसांनी बेंगळुरूच्या एका आयटी कर्मचाऱ्याला घरातून उचललं. इंटरनेट कंपनीने आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या आकडी पत्त्यावरून, ग्राहकाचं नाव दिलं होतं, तेच चुकीचं निघालं. तोवर त्या माणसाने सुमारे ५० दिवस येरवड्यात काढले होते. आयपी पत्ता म्हणजे माणूस नव्हे, इतकी साधी गोष्ट शिकायला केवढी किंमत! तुमच्या राऊटरवर भाडेकरू, शेजारी, पाहुणे कोणी जोडलेले असतात का? पासवर्ड कोणाकोणाला माहीत होता? ही यादीही करून ठेवा.

आता हॅश व्हॅल्यूबद्दल. हा शब्द तुम्हाला पुढे सारखा ऐकू येणार आहे. तुम्ही आडतवाले, तुम्हाला लगेच कळेल. ऊसवाला शेतकरी कारखान्याच्या काट्यावर विश्वास ठेवत नाही. गाडी गेटच्या आत जायच्या आधी तो बाहेरच्या खासगी काट्यावर वजन करून चिठ्ठी खिशात ठेवतो. आतल्या काट्याने काहीही दाखवू दे, चिठ्ठी त्याच्याकडे असते. हॅश म्हणजे ती बाहेरच्या काट्याची चिठ्ठी. डिस्कमधल्या सगळ्या मजकुरावरून एक लांबलचक आकडा निघतो. आत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी आकडा पार वेगळा येतो. जप्तीच्या वेळी तो आकडा काढून पंचनाम्यात लिहिला आणि तुम्हाला दिला, तर प्रयोगशाळेत पोचलेली डिस्क तीच आणि तशीच आहे हे कोणीही पडताळू शकतं. नाही लिहिला, तर मधल्या काळात डिस्क मुद्देमालाच्या खोलीत होती, की कोणी टेबलावर जोडून 'जरा बघत' होतं, हे कळायला मार्ग नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र आता दोन भागांत लागतं, दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा, आणि त्या नमुन्यात हॅशसाठी जागाच छापलेली आहे. प्रमाणपत्राशिवाय अशी प्रत पुराव्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक वादातल्या खोतकर प्रकरणात पक्कं केलं.

एक कडू गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझ्यावर रागावणार नाही. झडती बेकायदा ठरली की पुरावा आपोआप बाद, असं आपल्याकडे नाही. १९७३ च्या पूरणमल निकालापासून कोर्टं म्हणत आली आहेत की पुरावा मुद्द्याचा असेल तर तो कसा मिळवला एवढ्यावरून फेकता येत नाही. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्यानंतर आपल्याला वाद घालायला जमीन मिळाली, पण पीक अजून यायचंय. म्हणूनच मी पंचनाम्याच्या एवढी मागे लागते. पंचनामा गबाळा असेल तर पुरावा बाद होत नाही, पण त्याच्यावरचा विश्वास उडतो. खालच्या कोर्टात तेवढं बऱ्याचदा पुरतं.

मुलगा दोषी आहे का? हे ईमेलवर आणि त्याच्या आधी त्याने काय केलं त्यावर आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय शिरणं, माहिती उतरवून घेणं हे सगळं येतं. त्याला फौजदारी गुन्हा करतं ते कलम ६६, आणि तिथे 'अप्रामाणिकपणे किंवा कपटाने' हे शब्द आहेत. चूक सापडली, स्वतःच्या नावाने, कॉलेजच्याच पत्त्यावर कळवली, यात कपट कुठे? तो ईमेल तुमचा हुकमाचा एक्का आहे. मोबाईल गेले असले तरी मेल सर्व्हरवर असतो. दुसऱ्या मशीनवरून उघडून पूर्ण हेडरसकट (कोणी, कधी, कुठून पाठवला हे दाखवणाऱ्या ओळींसकट) प्रिंट काढा, आणि काहीही पुसू नका, एक ओळसुद्धा नाही. पण मुलाला दार लावून शांतपणे विचारा: किती निकाल बघितलेस? उतरवून घेतलेस? मित्रांच्या ग्रुपवर टाकलेस? एक आकडा बदलून बघणं वेगळं आणि दोनशे जणांचे निकाल घरच्या डिस्कवर ठेवणं वेगळं. पोरं 'पुरावा म्हणून' ठेवतात आणि तोच त्यांच्याविरुद्धचा पुरावा होतो. सद्हेतूने चूक शोधणाऱ्याला आपल्या कायद्यात वेगळं संरक्षण लिहिलेलं नाही. २०१० मध्ये मतदान यंत्रातली कमजोरी दाखवणाऱ्या हैदराबादच्या हरी प्रसाद यांना मुंबई पोलिसांनी अटक केली होती, यंत्र चोरल्याच्या आरोपावरून. मुलाला पुढे असं काही सापडलं तर सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, कळवायला सांगा. ही यंत्रणा अशा चुका नोंदवून घेते.

अटकेची भीती किती धरायची? कलम ६६ ला जास्तीत जास्त तीन वर्षं आहेत आणि ते जामीनपात्र आहे. एफआयआरची प्रत बघा, त्यात न्याय संहितेचं ३१८(४), म्हणजे फसवणूक, घुसडलंय का. जामीन अवघड व्हावा म्हणून ते जोडायची खोड आहे. जोडलं तरी शिक्षा सात वर्षांपर्यंतच, म्हणजे २०१४ च्या अर्णेश कुमार निकालाप्रमाणे आधी हजर राहण्याची नोटीस, अटक केली तर कारणं लेखी. 'बोलावलं की यायचं' ही नोटीस नव्हे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस कागदावर हवी. व्हॉट्सॲपवर पाठवलेली चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलंय. नोटीस आली की मात्र जायचंच, टाळायचं नाही. मुलाला एकट्याला पाठवू नका. सांगलीकराला कारण सांगायला नको. नोव्हेंबर २०१७ मध्ये कोठडीतला एक तरुण गेला आणि पोलिसांनीच त्याचा मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याचा गुन्हा दाखल झाला, ते या शहराने पाहिलंय. अटक करून चौकशी चालू असताना वकिलाला भेटायचा हक्क त्याच संहितेचं कलम ३८ देतं, सगळा वेळ शेजारी बसायचा नाही, पण मी बाहेरच्या बाकावर असले तरी आतला आवाज खाली येतो. आणि मुलीला साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही. तिचा जबाब राहत्या घरीच घ्यावा लागतो.

पासवर्ड मागतील. घटनेच्या कलम २०(३) प्रमाणे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, पण पासवर्ड त्यात येतो का यावर कोर्टांचं एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एक दिशा धरली, दिल्लीच्या सीबीआय विशेष न्यायालयाने २०२२ मध्ये नेमकी उलटी. मुलाने उद्धटपणे 'नाही' म्हणू नये, घाबरून लिहूनही देऊ नये. 'वकिलांशी बोलून लेखी उत्तर देतो,' एवढंच म्हणावं. आधीच सांगून टाकला असेल तर कधी, कोणाला, कोणासमोर, हे लिहून ठेवा.

सामान परत मिळण्याबद्दल. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ आणि ४९७ खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा. मुद्देमाल वर्षानुवर्षं ठाण्यात सडवू नका, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई देसाई प्रकरणात बजावलंय, आणि नव्या ४९७ मध्ये तर मुदती घातल्यात: माल कोर्टासमोर आल्यापासून १४ दिवसांत तपशील आणि फोटो, पुढच्या ३० दिवसांत निर्णय. मी तीन वेगळे अर्ज करते. आडतीचा कॉम्प्युटर तुमच्या नावे, जीएसटी आणि शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्यांचं कारण देऊन. टॅब मुलीच्या अभ्यासासाठी, हॉलतिकीट जोडून. मुलाचा लॅपटॉप आणि फोन शेवटी, 'आरशी प्रत, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, काढून घ्या आणि मूळ द्या' अशी मागणी करून. एकाच अर्जात सगळं घातलं की सरकारी वकील लॅपटॉपचं नाव पुढे करून टॅबही अडवतात. पहिल्या दोनांना साधारण महिना-दीड महिना धरा. तिसऱ्याला प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबावं लागेल, आणि तिथली रांग लांब आहे. मिळेल तेव्हा बॅटरी फुगलेली असेल. तोवर सीएकडे जाऊन मागच्या वर्षीचा बॅकअप कुठे आहे ते बघा.

सोमवारी अकराला कोर्टाच्या कँटीनशेजारच्या बाररूममध्ये या. एफआयआरची प्रत, अर्जाची पोच, ईमेलची प्रिंट, टॅबचं आणि कॉम्प्युटरचं बिल आणा. बिलं सापडली नाहीत तर खोकी शोधा, बहुतेक माळ्यावर असतील. राऊटरच्या खोक्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात सिरियल नंबर असतो, त्याचा फोटो काढून घ्या. त्यांच्या यादीत 'पांढरी डबी' लिहिलेलं असलं, तरी आपल्या अर्जात नंबर जायला हवा.